शूटर गेमसाठी अ‍ॅनालॉग कीबोर्ड लावताना: आधी बटण सुटणं, मग बटण लागणं

नवा अ‍ॅनालॉग कीबोर्ड, म्हणजे बटण किती खोल दाबलंय हे सतत मोजणारा कीबोर्ड, जोडला की बहुतेक जण सॉफ्टवेअर उघडतात, अ‍ॅक्च्युएशनचा स्लायडर (बटण किती दाबल्यावर लागावं तो आकडा) ०.१ मिमीवर ओढतात आणि तोच आकडा सगळ्या बटणांना लावून टाकतात. मग मॅचमध्ये बोट नुसतं टेकलं तरी आपला खेळाडू सरकतो, कोपऱ्याआड दबा धरून बसलेलं असताना पाऊल वाजतं आणि नको तेव्हा ग्रेनेड हातात येतो. दोन-चार दिवसांत मत बनतं की हा प्रकार आपल्याला जमणारा नाही. प्रत्यक्षात कीबोर्ड उत्तम चालत असतो, फक्त सेटिंगला उलट्या बाजूने हात घातलेला असतो.

शूटरमध्ये या कीबोर्डचा मोठा फायदा बटण लवकर सुटण्यात आहे. लवकर लागण्याचा फायदा त्यामानाने किरकोळ. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने केली आहे. सगळे आकडे सुरुवातीसाठी आहेत, तुमच्या बोटांना साजेसे आकडे त्यांच्या आसपास कुठेतरी सापडतील.

आत नेमकं काय होतं

साध्या मेकॅनिकल बटणात एका ठरलेल्या खोलीवर संपर्क जुळतो. उदाहरणार्थ, चेरी एमएक्स रेडमध्ये बटणाचा एकूण प्रवास ४ मिमी असतो आणि संपर्क २ मिमीवर होतो. त्याच्या खाली बटण चालू, त्याच्या वर बंद. मधलं काही कीबोर्डला कळत नाही.

बहुतेक अ‍ॅनालॉग कीबोर्डमध्ये असणाऱ्या मॅग्नेटिक स्विचमध्ये बटणाच्या दांड्यात छोटं चुंबक असतं आणि खालच्या सर्किट बोर्डवर त्याचं क्षेत्र मोजणारा सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधलेला हॉल परिणाम इथे कामाला येतो. चुंबक जवळ आलं की सेन्सरचं व्होल्टेज बदलतं आणि त्यावरून बटण या क्षणी किती खोल आहे हे कीबोर्डला सतत कळत राहतं. काही मॉडेलमध्ये चुंबकाऐवजी प्रकाशाने हेच मोजलं जातं. सेटिंगच्या दृष्टीने दोन्हीत फारसा फरक नाही.

खोली सतत कळते, म्हणून दोन गोष्टी तुमच्या हातात येतात. एक, बटण किती दाबल्यावर लागावं. हा अ‍ॅक्च्युएशन पॉइंट. दोन, बोट किती वर आलं की बटण सुटलं असं धरावं आणि परत किती खाली गेलं की पुन्हा लागलं असं धरावं. हे रॅपिड ट्रिगर. गेमिंगमध्ये ही सोय रुजवली ती वूटिंग या डच कंपनीने. आज जवळपास प्रत्येक मोठ्या ब्रँडच्या अ‍ॅनालॉग कीबोर्डमध्ये ती मिळते, नाव थोडंफार वेगळं असलं तरी.

थांबायला उशीर का होतो

काउंटर-स्ट्राइकमध्ये धावताना झाडलेली गोळी कुठेही जाते. रायफल नीट लागायला वेग कमाल वेगाच्या साधारण एक तृतीयांशाच्या खाली यावा लागतो. एके-४७ हातात असताना कमाल वेग सेकंदाला २१५ युनिट (गेममधलं अंतराचं माप) आहे, म्हणजे साधारण ७३ पर्यंत उतरायला हवा. नुसतं बटण सोडून दिलं तर खेळाडू घसरत घसरत थांबतो. शूटरमध्ये डब्ल्यू, ए, एस, डी ही चालण्याची बटणं: ए डावीकडे, डी उजवीकडे. म्हणून डावीकडे जाताना ए सोडून क्षणभर डी दाबायचं, वेग मारायचा आणि तेवढ्यात गोळी झाडायची. यालाच काउंटर-स्ट्रेफ म्हणतात.

आता बोटांकडे बघा. ए पूर्ण तळाला दाबलेलं आहे, ४ मिमीवर. तुम्ही अनामिका उचलायला आणि तर्जनीने डी दाबायला एकाच वेळी सुरुवात करता. साध्या कीबोर्डवर ए सुटायला बोट २ मिमीपेक्षा वर यावं लागतं. तेवढ्यात डी लागून गेलेलं असतं. काही क्षण दोन्ही बटणं चालू राहतात, गेम दोन्ही दिशा एकमेकींत वजा करतो आणि खेळाडू नुसत्या घर्षणावर घसरत राहतो. डी दाबलेलं असूनही त्या क्षणांत त्याचा ब्रेक लागत नाही.

रॅपिड ट्रिगर ०.२ मिमीवर असेल तर ए ३.८ मिमीवरच सुटतं. बोट हललं न हललं तोच. डी लागेपर्यंत ए कधीच बंद झालेलं असतं आणि ब्रेक पहिल्या क्षणापासून लागतो. तुमची बोटं पूर्वीइतकीच वेगवान आहेत, फक्त कीबोर्ड आता त्यांच्या मागे राहत नाही.

याच चित्रात आणखी एक गोष्ट दिसते. डी जर ०.१ मिमीवर लागत असेल तर ते आणखी लवकर लागेल, म्हणजे दोन्ही बटणं एकदम चालू राहण्याची शक्यता उलट वाढेल. आणि बोट एकदा खाली गेलं की पुढचं दाबणं-सोडणं रॅपिड ट्रिगर सांभाळतं. अ‍ॅक्च्युएशन पॉइंटचा संबंध मुख्यतः वरून येणाऱ्या पहिल्या दाबाशी उरतो. म्हणून स्पर्धात्मक खेळासाठी अ‍ॅक्च्युएशन एक मिमीच्या आसपास ठेवल्याने काही बिघडत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटरमध्ये घसरण खूप कमी आहे. बटण सोडलं की खेळाडू लगेच थांबतो, उलट बटणाची गरज तितकी पडत नाही. तिथे सगळा भार बटण सुटण्यावरच येतो, त्यामुळे रॅपिड ट्रिगरचा फरक नवख्यालाही पहिल्या दिवशी जाणवतो.

पायरी १: आकड्यांना हात लावण्यापूर्वी

कीबोर्ड थेट कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबी पोर्टला जोडा, हब टाळा. फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. मग कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक बटणाचा वरचा आणि तळाचा टोक कीबोर्डला ओळखायला लावणं. काही कीबोर्ड ते आपोआप करतात, काहींमध्ये सॉफ्टवेअर सांगेल तसं प्रत्येक बटण तळापर्यंत दाबून सोडावं लागतं. हे टाळू नका, कारण पुढचे सगळे आकडे याच मोजमापावर उभे आहेत. स्विच बदलले तर कॅलिब्रेशन पुन्हा करायचं, कारण वेगळ्या स्विचमधल्या चुंबकाची ताकद वेगळी असू शकते. कीबोर्डला चिकटून मोठं चुंबक असलेली वस्तू ठेवू नका, स्पीकरसुद्धा थोडा लांब बरा.

विंडोजमध्ये स्टिकी कीज आणि फिल्टर कीज बंद करा. शिफ्ट पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी गेमवर येऊन बसते, आणि शूटरमध्ये शिफ्ट पाच वेळा दाबायला वेळ लागत नाही. फिल्टर कीज तर पटापट दाबलेली बटणं गाळूनच टाकतं.

पोलिंग रेट १००० हर्ट्झ पुरेसा आहे, म्हणजे दर १ मिलिसेकंदाला एकदा कीबोर्ड आपली अवस्था कळवतो. ८००० हर्ट्झला हे अंतर ०.१२५ मिलिसेकंद होतं, पण प्रोसेसरवर भार पडतो. फ्रेम अडखळत असतील तर १००० वर या.

शेवटी, गेमसाठी वेगळं प्रोफाइल बनवा. टायपिंगचं प्रोफाइल जसं आहे तसं राहू द्या. शूटरच्या सेटिंगवर मजकूर टाइप करणं वैतागाचं असतं.

पायरी २: बोटांचा भार मोजा

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये बटणाची या क्षणीची खोली दाखवणारी पट्टी असते. ती उघडा, डावा हात डब्ल्यू-ए-एस-डीवर खेळताना ठेवता तसा ठेवा आणि काही न दाबता पट्टीकडे बघा. अनेकांच्या बोटांच्या नुसत्या भाराने बटण थोडं खाली गेलेलं दिसेल. स्विच हलके असतील तर जास्तच.

पण शांत बसून केलेलं मोजमाप अर्धवट असतं. डेथमॅच (सतत चकमकींचा सराव प्रकार) खेळा, मध्येच थांबा आणि हात न हलवता पुन्हा पट्टी बघा. ताणाखाली बोटं जास्त जड होतात. या दुसऱ्या वेळी दिसलेली सर्वांत मोठी खोली लिहून ठेवा. समजा ए वर ०.४ मिमी दिसली, तर अ‍ॅक्च्युएशन त्याच्या किमान दुप्पट ठेवा. ज्यांचं मनगट उंच राहतं त्यांना कमी चालेल, ज्यांचा हात पूर्ण टेकलेला असतो त्यांना जास्त लागेल. दुसऱ्याची सेटिंग जशीच्या तशी उचलून का चालत नाही, त्याचं कारण या पट्टीवर दिसतं.

पायरी ३: डब्ल्यू, ए, एस, डी

अ‍ॅक्च्युएशन १.२ मिमी लावा, किंवा पायरी २ मध्ये जास्त आलं असेल तर तेवढं.

रॅपिड ट्रिगर चालू करा, पण फक्त या चार बटणांवर. सुटण्याची आणि पुन्हा लागण्याची संवेदनशीलता वेगवेगळी लावता येत असेल तर सुटणं ०.३ मिमी आणि पुन्हा लागणं ०.५ मिमी ठेवून सुरुवात करा. एकच आकडा असेल तर ०.३.

आता रिकाम्या सराव सर्व्हरवर जा आणि डी दाबून सरळ एका भिंतीच्या कडेने धावत राहा. माउस जोरात हलवा, डाव्या हाताला मुद्दाम ताण द्या. धाव अखंड राहिली पाहिजे. मध्येच झटका बसला, पावलांचा ठेका तुटला, तर थरथरणाऱ्या बोटाला कीबोर्ड बटण सुटलं असं समजतोय. सुटण्याचा आकडा ०.१ ने वाढवा. धाव स्वच्छ असेल तर ०.०५ किंवा ०.१ ने खाली या आणि तीच चाचणी पुन्हा करा. जिथे पहिला झटका येतो त्याच्या एक पायरी वर थांबा. बहुतेक हातांना ०.१५ ते ०.३ च्या मधली जागा मानवते. ०.१ च्या खाली जाण्यात मला अर्थ दिसत नाही. तिथे सेन्सरची बारीक चलबिचल आणि बोटाची हालचाल यांत फरक करणं कीबोर्डलाही अवघड जातं, आणि मिळणारा वेळ नगण्य असतो.

पुन्हा लागण्याचा आकडा मोठा का, असा प्रश्न पडेल. बटण सोडताना बोट सरळ वर जात नाही, क्षणभर अडखळतं. पुन्हा लागण्याचा आकडा फार लहान असेल तर त्या अडखळण्यालाच कीबोर्ड नवा दाब समजतो आणि थांबलेला खेळाडू परत एक पाऊल टाकतो. तेवढ्याने पहिली गोळी वाया जाते.

काही सॉफ्टवेअरमध्ये कंटिन्युअस रॅपिड ट्रिगर नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की बोट अ‍ॅक्च्युएशन पॉइंटच्या वर आलं तरी, बटण पूर्ण मोकळं होईपर्यंत, रॅपिड ट्रिगर चालूच राहतो. नवशिक्याने हा बंद ठेवावा. बंद असताना अ‍ॅक्च्युएशन पॉइंट कुंपणासारखा उभा राहतो, त्याच्या वरच्या भागात बोट कितीही चुळबुळलं तरी काही लागत नाही.

तळाचा डेडझोन (तळाजवळचा, हालचाल न मोजली जाणारा पट्टा) असेल तर ०.१ ते ०.२ मिमी पुरे. बटण तळाला जोरात आपटल्यावर आकडा किंचित हलतो, ते यात झाकलं जातं. जास्त वाढवलात तर सुटण्याची मोजणीच उशिरा सुरू होईल आणि आत्ताच मिळवलेला फायदा हातचा जाईल.

पायरी ४: बाकीची बटणं उलट दिशेने

शिफ्ट आणि कंट्रोलवर रॅपिड ट्रिगर लावू नका. ही दाबून धरायची बटणं आहेत. शिफ्ट धरून दबकत चालताना करंगळी ०.२ मिमीने सैल पडली, तर रॅपिड ट्रिगर शिफ्ट सोडून देईल आणि तुमचं एक पूर्ण पाऊल शत्रूला ऐकू जाईल. करंगळी सगळ्यांत दुबळं बोट, ती सैल पडतेच. या दोन बटणांना १.५ मिमीच्या आसपास स्थिर अ‍ॅक्च्युएशन द्या.

स्पेसबार अंगठ्याखाली असतो आणि अंगठा कायम टेकलेला असतो, म्हणून १.५ ते २. शस्त्र खाली टाकण्याचं बटण, ग्रेनेड, खेळाडूच्या खास क्षमता आणि अल्टिमेट (सर्वांत मोठी क्षमता) यांची बटणं २ ते २.५ वर. डब्ल्यू-ए-एस-डीच्या शेजारची बटणं म्हणजे क्यू, ई, आर आणि एफ. यांना बोट चुकून घासतं, त्यांची विशेष काळजी घ्या. चकमकीच्या मधोमध आर ला धक्का लागून रीलोड सुरू होणं, यापेक्षा स्वस्तात मरण नाही.

पायरी ५: विरुद्ध दिशांची सोय बंद

जुलै २०२४ मध्ये रेझर या कंपनीने स्नॅप टॅप आणलं. ए धरलेलं असताना डी दाबलं की कीबोर्ड स्वतःच ए सोडल्याचं कळवतो, म्हणजे बोट न उचलता काउंटर-स्ट्रेफ. वूटिंगनेही स्नॅपी टॅपी नावाने हेच दिलं आणि सोबत रॅपी स्नॅपी, ज्यात दोनपैकी जास्त खोल दाबलेलं बटण चालू राहतं. इतर ब्रँडमध्ये ही सोय एसओसीडी या नावाखाली सापडेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक २ च्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशी यंत्राच्या मदतीची हालचाल ओळखून खेळाडूला मॅचमधून काढायला सुरुवात केली. एकाच बटणावर हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकाहून जास्त आज्ञा बांधणंही त्याच वेळी बंद झालं. रॅपिड ट्रिगर या बंदीत येत नाही, कारण तिथे प्रत्येक दाब आणि प्रत्येक सुटका बोटाचीच असते.

काउंटर-स्ट्राइकच्या प्रोफाइलमध्ये ही सोय बंद आहे याची खात्री स्वतः करून घ्या. काही कीबोर्डवर ती बटणांच्या जोडीने चालू-बंद होते आणि चुकून दाबली जाऊ शकते, तो शॉर्टकटच काढून टाका. एकाच बटणावर खोलीनुसार वेगवेगळ्या आज्ञा बसवण्याचा पर्यायही हालचालीच्या बटणांवर वापरू नका. इतर गेममध्ये स्पर्धेत उतरण्यापूर्वी त्या स्पर्धेची नियमावली वाचा. आणि जिथे परवानगी आहे तिथेही, शिकण्याच्या काळात ही सोय बंदच ठेवावी असं माझं मत आहे. बोट वेळेवर उचलण्याची सवय एकदा लागली की ती कुठल्याही कीबोर्डवर, कुठल्याही गेममध्ये सोबत राहते.

पायरी ६: गेमपॅडची नक्कलही बंद

अ‍ॅनालॉग कीबोर्ड डब्ल्यू-ए-एस-डीला एक्सबॉक्स कंट्रोलरच्या दांडीसारखं वागवू शकतो: कमी दाबलं तर हळू, जास्त दाबलं तर वेगात. गाड्यांच्या गेममध्ये याची मजा आहे. स्पर्धात्मक शूटरमध्ये मात्र त्रासच जास्त. कंट्रोलर आणि माउस एकदम दिसले की अनेक गेम गोंधळतात, पडद्यावरची चिन्हं सारखी बदलत राहतात. शिवाय कंट्रोलरला नेमाची मदत देणाऱ्या गेममध्ये अशी नक्कल नियमांच्या आड येऊ शकते. म्हणजे ज्या गुणामुळे या कीबोर्डला अ‍ॅनालॉग म्हणतात, तो शूटरमध्ये थेट वापरायचा नाही. खोली मोजण्याची ती क्षमता पडद्यामागे रॅपिड ट्रिगरसाठी राबते, तेवढं पुरे.

पायरी ७: सराव आणि फेरफार

भिंतीसमोर उभे राहा. डावीकडे दोन पावलं, उलट बटणाचा टिचका, एकच गोळी. मग उजवीकडे तेच. भिंतीवरची गोळीची खूण क्रॉसहेअरच्या (पडद्यामधल्या नेमाच्या खुणेच्या) मध्यावर पडली तर थांबणं जमलं. बाजूला पडली तर गोळी लवकर सुटली किंवा खेळाडू थांबलाच नव्हता. व्हॅलोरंटमध्ये क्रॉसहेअरच्या सेटिंगमधलं मूव्हमेंट एरर तात्पुरतं चालू करा. हालचालीत क्रॉसहेअर फाकतो आणि थांबल्यावर मिटतो, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. काउंटर-स्ट्राइकमध्ये डायनॅमिक क्रॉसहेअर हेच काम करतो.

इथे बहुतेकांना एक नवी अडचण येते. जुन्या कीबोर्डवर बटण उशिरा सुटायचं, म्हणून हाताने उलट बटण थोडं जास्त वेळ धरायची सवय लावून घेतलेली असते. आता ए ताबडतोब सुटतं, डी जुन्या हिशोबाने धरलेलं राहतं आणि खेळाडू थांबून उलट दिशेला निघतो. खेळाडू असा सातत्याने उलट दिशेला सरकत असेल तर आकडे बदलू नका, टिचका लहान करा. हाताला नवा हिशोब बसायला वेळ लागतो, त्या काळात सेटिंग हलवत राहिलात तर कशामुळे काय बदललं हेच कळणार नाही.

फेरफार करताना एका वेळी एकच आकडा बदला आणि बदललेला आकडा वहीत किंवा फोनमध्ये नोंदवा. वाईट गेलेल्या मॅचनंतर लगेच सॉफ्टवेअर उघडू नका. भिंतीवर गोळी झाडण्याची ही चाचणी आधी करा, ती जमत असेल तर दोष कीबोर्डमध्ये नाही.

बटण आपोआप लागत-सुटत असेल तर आधी कॅलिब्रेशन, मग कीकॅप (बटणावरची टोपी) नीट बसलाय का ते पाहणं, मग स्विच काढून खाली कचरा आहे का ते तपासणं, आणि तरीही राहिलं तर त्या एका बटणाचा आकडा ०.१ ने वाढवणं, या क्रमाने जा. चारही बटणांचे आकडे सारखेच हवेत असं काही नाही. ए वर अनामिका असते, डी वर तर्जनी, दोघींची ताकद वेगळी. माझ्याकडे ए चं अ‍ॅक्च्युएशन डी पेक्षा थोडं खोल आहे आणि ते तसंच योग्य वाटतं.

सगळं जमलं की प्रोफाइल कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत सेव्ह करा आणि त्याची एक प्रत फाइल म्हणून काढून ठेवा. स्पर्धेच्या ठिकाणी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसेलही, तेव्हा कीबोर्ड जोडल्या जोडल्या तुमचे आकडे लागू व्हायला हवेत. घरी एकदा सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून, कीबोर्ड काढून, परत जोडून, भिंतीची चाचणी करून हे तपासून घ्या.